शब्दांवरचा पहारा

कोलाडहून महामार्गाने दक्षिणेस गेले की महाड लागते, उत्तरेस गेले की पेण. या दोन्ही तालुक्यांनी महाराष्ट्राला लेखणीचे धनी दिले आणि दोघांच्याही शब्दांवर सरकारने हात टाकला. तो इतिहास आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

शिवराम महादेव परांजपे यांचा जन्म महाडचा, १८६४ सालचा. १८९८मध्ये त्यांनी पुण्यात 'काळ' साप्ताहिक काढले. त्यांची वक्रोक्ती इंग्रज सरकारला झोंबे. १९०८ साली राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना १९ महिन्यांची सजा झाली. पुढे १९१०च्या छापखाना कायद्याखाली जामीनरक्कम मागितली गेली आणि 'काळ' बंद पडला. पण ते राज्यच परक्यांचे होते.

विनोबा भावे यांची कथा अधिक विचार करावयास लावते. त्यांचा जन्म पेण तालुक्यातील गागोदे येथे १८९५ साली झाला. १९३२मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली व साने गुरुजींनी ती उतरून घेतली. परक्यांच्या तुरुंगातून ते शब्द सुखरूप बाहेर आले. नव्या कराराचे मनन करून 'ख्रिस्तधर्म-सार' सिद्ध करणाऱ्या या संताला राज्याचा शत्रू कोण म्हणेल? उलट १९७५च्या आणीबाणीत त्यांचा 'अनुशासनपर्व' हा शब्द सरकारने आपल्या समर्थनार्थ मिरवला. अनुशासन आचार्यांचे, सत्तेचे ते शासन, हा त्यांचा खुलासा मात्र मागे पडला. १९७६मध्ये त्यांनी गोवधबंदीसाठी उपोषणाचा संकल्प केला. पवनार आश्रमाच्या 'मैत्री' मासिकाने तो छापताच पोलिसांनी आश्रमात येऊन अंक जप्त केले.

त्याच आणीबाणीत, १९७५च्या डिसेंबरात, कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी लेखनस्वातंत्र्याची बाजू निर्भयपणे मांडली. पुढच्याच वर्षी त्यांना अटक झाली.

विनोबांच्या त्या मागणीविषयी मतभेद असू शकतात. आमच्या वाचकांपैकी अनेकांना ती मान्य होणार नाही. तथापि, न पटणारे मतही उघडपणे छापले जावे असे आपणांस वाटते काय, हीच आपल्या स्वातंत्र्यप्रेमाची कसोटी होय. शब्दांवर पहारा बसविण्याचा अधिकार एकदा सत्तेच्या हाती गेला की ती विरोधकांपाशी थांबत नाही. जिचे नाव काल आदराने घेतले, त्या व्यक्तीच्या दारीही ती पोहोचते. अल्पसंख्य समाजाची नियतकालिके तर याच स्वातंत्र्याच्या आधारावर उभी असतात. म्हणूनच दुसऱ्याचा अंक जप्त होतो तेव्हा आपण गप्प राहता कामा नये, हे घरातील मुलांनाही सांगितले पाहिजे.