गरोदरपणातील बँडचे व्यायाम : खांदे, पाठ आणि हात

लवचिक रबरी पट्टा किंवा नळी ताणून गरोदर स्त्रीने वरच्या अंगासाठी करायचे व्यायाम. बँड सैल असताना त्याची ओढ नगण्य असते, ताण वाढेल तशी ती वाढत जाते. पकड आखूड किंवा लांब करून तोच बँड जड किंवा हलका करता येतो. डंबेलसारखा तो हातातून निसटून पोटावर पडण्याचीही भीती नसते.

या काळात स्तनांचे वजन वाढते, पोट पुढे येते, खांदे पुढे झुकतात आणि पाठीच्या वरच्या भागाला पोक येऊ लागतो. प्रसूतीनंतर बाळाला पाजताना, उचलताना खांद्यांची ठेवण तशीच राहते. म्हणून छातीच्या व्यायामांपेक्षा ओढण्याच्या व्यायामांना अग्रक्रम द्यावा. पुष्कळ तयार वेळापत्रकांत नेमके उलटे दिसते. खुर्चीवर ताठ बसून, समोर पक्क्या आधाराला अडकवलेला बँड कोपरे मागे नेत ओढणे (रोइंग) हा ओढण्याच्या व्यायामांतला मुख्य प्रकार. बँड छातीसमोर धरून हात दोन्ही बाजूंना फाकवणे आणि कोपरे कमरेशी टेकवून पंजे बाहेर वळवणे, हे त्याचे सोबती. दंडाचे व्यायाम नंतर केले तरी चालतात. पायाच्या तळव्यांत बँड अडकवून ओढणे टाळलेले बरे, कारण तो सुटला तर थेट पोटावर किंवा चेहऱ्यावर बसतो.

आठवड्यातून दोन-तीन दिवस, प्रत्येक प्रकार दहा ते पंधरा वेळा, बोलता येईल इतक्याच दमाने करावा. ओढताना श्वास सोडावा, रोखू नये. साधारण विसाव्या आठवड्यानंतर फार वेळ उताणे झोपून व्यायाम करू नये. वाढलेले गर्भाशय हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेवर दाबते आणि चक्कर येऊ शकते. बोटांना मुंग्या येत असल्यास बँड मुठीभोवती न गुंडाळता मूठ असलेली नळी वापरावी.

अमेरिकेतील स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने 1985 मध्ये गरोदर स्त्रियांसाठी हृदयगतीची मर्यादा मिनिटाला 140 ठोके अशी घातली होती. 1994 मध्ये ती काढून टाकण्यात आली. गुंतागुंत नसलेल्या गरोदरपणात आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे आता सांगितले जाते. बँडचे व्यायाम त्याच्या जोडीला येतात. वार खाली असणे, गर्भाशयमुखाला टाका, गरोदरपणातील वाढलेला रक्तदाब, तीव्र रक्तक्षय किंवा हृदयविकार असल्यास डॉक्टरांच्या संमतीशिवाय सुरुवात करू नये. रक्तस्राव, पाणी जाणे, नियमित कळा, छातीत दुखणे, चक्कर किंवा पोटरीला वेदनेसह सूज आल्यास व्यायाम तत्काळ थांबवून दवाखाना गाठावा.

बँड दर वेळी तपासावा, चिरा दिसल्यास फेकून द्यावा. नैसर्गिक रबराची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी लॅटेक्सविरहित बँड मिळतात.