विळा-कोयता घेताना पातं ओळखा. नुसतं चुंबक लावून भागत नाही

दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीची गडबड सुरू होते आणि आठवडी बाजारात कोयत्यांचे ढीग लागतात. चकाकणारं पातं बघून माणूस भुलतो. चार दिवसांत धार बसते, मग रोज कानस घेऊन बसायची पाळी. मजुरी तोडलेल्या टनावर मिळते, त्यामुळे बोथट कोयता थेट खिशाला लागतो.

पात्याचं पोलाद मुख्यतः दोन प्रकारचं. एक साधं, म्हणजे कार्बन स्टील. ते गंजतं, पण धार चांगली लागते आणि घरच्या घरी लावता येते. लोहार ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचा कोयता करतात तो यातलाच. दुसरं स्टेनलेस. त्यात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं, म्हणून सहजी गंजत नाही. अजिबात गंजत नाही असं मात्र नाही.

चुंबक चिकटलं की साधं लोखंड, ही समजूत चुकीची आहे. जेवणाच्या ताटाचं स्टेनलेस बहुतेक वेळा चुंबकाला चिकटत नाही, पण सुरीचं स्टेनलेस चिकटतं, कारण ते कडक करता येणाऱ्या जातीचं असतं. चुंबकाला अजिबात न चिकटणारं पातं दिसलं, तर कोयत्यासाठी ते घेऊच नये. ते मऊ पडतं.

खरी परीक्षा लिंबाची. पात्याच्या कोपऱ्यावरचं तेल, रंग पुसून काढा. लिंबाचा थेंब टाकून दहा-पंधरा मिनिटं थांबा. काळपट डाग उमटला तर कार्बन, तसंच राहिलं तर स्टेनलेस. वरून मुलामा असेल तर फसगत होते, म्हणून धारेच्या घासलेल्या जागीच थेंब टाकावा. घरातल्या लोखंडी विळीवर कैरी, केळफूल चिरलं की काळं पडतं, तोच हा प्रकार. त्याने पातं खराब होत नाही.

सानवाल्याकडे ठिणग्याही बघता येतात. कार्बनच्या ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटतात, स्टेनलेसच्या सहसा आखूड आणि तांबूस. मात्र ग्राइंडरवर जोर देऊ नका. पातं निळं पडलं की तिथलं पाणी उतरलं समजा, मग ती जागा धार धरत नाही. डोळ्याला चष्मा लावूनच उभं राहावं.

कार्बनचं पातं काम झालं की पुसून खोबरेल किंवा गोडेतेलाचा हात फिरवून ठेवावं. रसाचं ओलं तसंच पोत्यात गुंडाळलं तर सकाळी तांबेरा दिसणारच. घरात भाजी चिरायला, जिथे सुरी सारखी ओली राहते, तिथे स्टेनलेस सोयीचं.