उद्यानाचे व्याकरण आणि त्याचे अपवाद

संगणकाला काही नियम द्यावेत आणि त्याने वास्तूचा आराखडा रेखाटावा, ही कल्पना आज नवी राहिलेली नाही. तिच्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण मात्र भारतातील मुघल उद्यानांशी जोडलेले आहे, हे फारसे परिचित नाही.

१९५७ मध्ये नोम चॉम्स्की यांनी मोजक्या नियमांतून असंख्य वाक्ये निर्माण करणाऱ्या व्याकरणाचा विचार मांडला. सुमारे ४,००० सूत्रांच्या पाणिनीय व्याकरणात अशा व्याकरणाचा अंश पाहता येतो, असे त्यांनीच १९६५ मध्ये नमूद केले. शब्दांच्या जागी आकृत्या घेतल्या तर काय होईल? जॉर्ज स्टायनी आणि जेम्स गिप्स यांनी १९७१ मध्ये मांडलेले ‘आकृतींचे व्याकरण’ हे या प्रश्नाचे उत्तर होते. आरंभीची एक आकृती आणि ‘ही आकृती दिसेल तेथे ती ठेवावी’ अशा स्वरूपाचे काही नियम, एवढेच त्याचे भांडवल. १९८० मध्ये स्टायनी आणि विल्यम मिचेल यांनी ही पद्धत मुघल उद्यानांना लावली.

चारबागेचा मूळ नियम सोपा आहे. एक चौरस घ्यावा, मध्यबिंदूत छेदणाऱ्या दोन पाटांनी त्याचे चार भाग करावेत आणि प्रत्येक भागाचे पुन्हा विभाजन करावे. दिल्लीत हुमायूनच्या कबरीभोवती प्रत्येक चतुर्थांशाचे नऊ भाग होऊन ३६ चौरसांची जाळी तयार झाली. कबर तिच्या मध्यभागी आहे. ताजमहालाच्या बागेत चारांचे सोळा भाग झाले. असे व्याकरण प्रत्यक्षातील उद्यानांचे केवळ वर्णन करीत नाही. कधीच न लावलेली, तरीही त्याच शैलीत शोभणारी उद्यानेही ते निर्माण करते. म्हणूनच ‘शैली म्हणजे काय’ या प्रश्नाचे त्यातून मिळणारे उत्तर तपासून पाहता येते.

परंतु नियम स्पष्ट लिहिला की अपवादही स्पष्ट दिसू लागतात. ताजमहालात बागेच्या मध्यभागी कबर नाही, जलकुंड आहे; कबर उत्तरेच्या टोकाला, यमुनेच्या काठावर आहे. पैलतीरावरील मेहताब बाग ताजमहालाच्याच अक्षरेषेवर आहे, आणि १९९० च्या दशकातील उत्खननात तेथे मोठे अष्टकोनी जलकुंड उघडकीस आले. दोन्ही बागा मिळून एकच योजना मानली, तर कबर पुन्हा मध्याकडे सरकते आणि यमुना हीच त्या योजनेतील आडवी जलरेषा ठरते, असा अर्थ काही अभ्यासक लावतात.

काश्मीरमधील निशात बाग दुसरा धडा देते. दल सरोवराच्या काठी डोंगर उताराचा आहे, पाणी वरून खाली धावते. तेथे चौरसाचा आग्रह सुटला आणि एका मध्यवर्ती प्रवाहाभोवती बारा पायऱ्यांची बाग उभी राहिली.

सपाट कागदावर रचलेल्या नियमाला उतार ठाऊक नसतो आणि नदीही ठाऊक नसते. आज आज्ञावली क्षणात शेकडो आराखडे पुढे ठेवते. त्यांतील कोणता जमिनीवर उतरेल, हे नियमात जमीन, पाणी आणि हवामान यांना किती स्थान दिले, यावर अवलंबून असते. आणि ते स्थान देण्याची जबाबदारी नियम लिहिणाऱ्याचीच असते.