जाळे नेता-आणताना फाटू नये म्हणून मासेमारांचे घरगुती उपाय

नागपूर : रामटेकजवळचा खिंडसी तलाव असो की कुही-भिवापूरकडचे गोसीखुर्दचे बॅकवॉटर, ढीवर-भोई समाजातील अनेकांचे जाळे आता मोटारसायकलवर जाते. घर एका गावात, पाणी दुसऱ्या गावात. पाण्यातल्या खुंटाला अडकून जाळे फाटते हे खरेच, पण बरेच नुकसान रस्त्यात होते आणि ते कळते जाळे पसरल्यावर. मोठे भोक सुईधाग्याने विणायला अख्खा दिवस जातो. जाळे उधारीवर घेतलेले असले तर तो दिवस फार महाग पडतो.

पहिला शत्रू सायलेन्सर. नायलॉन साधारण 220 अंशाला वितळतो, पण धाग्याची ताकद त्याच्या बरीच आधी जाते. जाळ्याची चुंगडी कॅरिअरवरून उजवीकडे लोंबली की एवढ्यातच घरे चिकटून जातात. म्हणून चुंगडी सीटवर आडवी न टाकता उभी बांधावी, खाली गोणपाटाची दुहेरी घडी द्यावी. बांधायला सुतळीपेक्षा सायकलची जुनी ट्यूब चांगली. ती ताणून बसते, खड्ड्यात सैल पडत नाही आणि धाग्याला काचतही नाही. कॅरिअरच्या लोखंडी टोकांवर ट्यूबचाच तुकडा कापून चढवावा. लोंबणारा धागा चाकात गेला तर जाळे तर जातेच, माणूसही पडतो. मागून येणाऱ्याच्या गळ्यात अडकला तर काय होते, हे संक्रांतीच्या मांजामुळे नागपूरकरांना सांगायला नको.

चुंगडी कोणती हेही बघावे लागते. सिमेंटच्या पोत्यात राहिलेली भुकटी धागा घासते, म्हणून ते उलटे करून दोनदा धुवावे. खताचे पोते धुऊन चालते. फवारणीच्या औषधाशी संबंध आलेले पोते मात्र कितीही धुतले तरी वापरू नये, ते पाण्यात जाते आणि मासा लोक खातात. ट्रॅक्टर किंवा मालवाहू ऑटोत जाळे बॅटरीजवळ ठेवू नये. बॅटरीचे आम्ल सांडले तर नायलॉन तिथल्या तिथे विरतो.

भरण्याची रीत सगळ्यात महत्त्वाची. उभ्या जाळ्याची तरंग्याची दोरी एका हातात, शिशाची दुसऱ्या हातात धरून नागमोडी घडी घालतात आणि जुन्या सुती लुगड्याच्या चिंध्यांनी तीन जागी सैल बांधतात. फेकजाळे मधल्या दोरीला टांगून झटकायचे, शिशे सारखी खाली आली की हलका पीळ द्यायचा. चुंगडीत शिशे आधी, जाळे वर. उलटे केले तर प्रत्येक गचक्याला शिसे धागा कुटत जाते. रंगाची रिकामी झाकणाची बकेट याहून बरी. तळाला चार भोके पाडली की पाणी निथळते. गळाच्या दोरीला फुटक्या चपलेचे रबर उत्तम. दोरी त्यावर गुंडाळायची आणि गऱ्या ओळीने कडेला टोचायच्या. एसटीत नेताना वरून कापड गुंडाळावे, नाहीतर शेजारच्या बाईच्या पदरात गरी रुतते आणि मग नागभीडपर्यंत भांडण.

ऊन हा हळू मारणारा शत्रू आहे. नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, पण धागा मारतात ती उन्हाची किरणे. पूर्वीचे सुती जाळे ओलाव्याने कुजायचे, म्हणून ते उन्हात वाळवायची सवय होती. नायलॉन पाण्याने कुजत नाही, तरी ती सवय सुटलेली नाही. सावलीत, वाऱ्याला वाळवावे आणि प्रवासात वरून झाकावे.

मासळीच्या बर्फाच्या पेटीखाली जाळे ठेवू नये. वितळलेले पाणी जाळ्यात उतरते, वास बसतो आणि रात्री उंदीर येतात. काही जण निंबाचा पाला टाकतात. त्याने उंदीर ऐकत असल्याचे दिसत नाही. साध्या पाण्याने धुऊन आड्याला तारेने टांगणे आणि तारेत मध्ये जुनी गुळगुळीत ताटली ओवणे, एवढ्याने फरक पडतो.

एका तलावातून दुसऱ्यात जायचे असेल तर भरण्याआधी जाळे झटकून जलकुंभीचे तुकडे वेचून काढावेत. अंबाझरी तलावात या वेलीने काय केले ते शहराने पाहिले. लहानसा तुकडाही नव्या पाण्यात वाढतो, आणि पुढच्या साली त्याच तलावात जाळे टाकायला जागा उरत नाही.