रिक्षावाल्याची वीज

विजेच्या वाहनांचा विषय निघाला, की आपल्या डोळ्यांपुढे महानगरातली गुळगुळीत मोटार उभी राहते. आपल्या देशात मात्र वीज आधी मोठ्या संख्येने शिरली ती गरिबाच्या तीन चाकांत. आज देशातल्या सर्वाधिक ई-रिक्षांची नोंद उत्तर प्रदेशात आहे. २०११ च्या जनगणनेत याच राज्यातली शंभरातली सुमारे ७८ माणसे खेड्यांत राहत होती.

या इतिहासाचा एक धागा आपल्या सातारा जिल्ह्यातून जातो. लखनौत वाढलेले डॉ. अनिल राजवंशी यांनी २००० च्या सुमारास फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत बॅटरीवर चालणारी रिक्षा तयार केली. तिचे नाव ‘एलेक्शा’. माणसाने माणसाला ओढण्याचे कष्ट कमी व्हावेत, हा त्यामागचा साधा विचार.

पुढे २०१० च्या सुमारास दिल्लीत ज्या ई-रिक्षा धावू लागल्या, त्या मात्र वेगळ्या होत्या. चीनहून आलेले सुटे भाग इकडच्या लहान कारखान्यांत जोडून त्या बनत. ना परवाना, ना क्रमांकाची पाटी. ३१ जुलै २०१४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्यावर बंदी घातली. पण तोवर कितीतरी घरांच्या चुली त्यांच्यावर पेटत होत्या. अखेर ऑक्टोबर २०१४ मध्ये केंद्राने नियम केले. चार प्रवासी, ४० किलो सामान आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंत वेग. मार्च २०१५ मध्ये संसदेने मोटार वाहन कायदाच दुरुस्त केला. एरवी कायदा पुढे आणि गाडी मागे असते. इथे गाडी पुढे निघून गेली आणि कायद्याला तिच्यामागे धावावे लागले.

उत्तर प्रदेशचे खास विद्युत वाहन धोरण आले ते २०१९ मध्ये. त्याआधीच स्टेशन ते बाजार आणि बाजार ते सडकेलगतची गावे, अशा वाटांवर ई-रिक्षा रुळल्या होत्या. कारण उघड आहे. अंतर थोडे, भाडे परवडणारे आणि पेट्रोल पंपाची गरज नाही. बॅटऱ्या रात्री घरीच भरता येतात.

काही वर्षांपूर्वी मुशायऱ्याच्या निमित्ताने मी बाराबंकीला गेलो होतो. मला स्टेशनवरून नेणाऱ्या चाचांनी वीस वर्षे सायकलरिक्षा ओढली होती. “आता धाप लागत नाही,” ते म्हणाले, “पण हप्ता झोपू देत नाही.” गाडीचे कर्ज फिटण्याआधीच त्यांच्या शिशाच्या बॅटऱ्या निकामी झाल्या होत्या. नव्या घ्यायच्या, तर पुन्हा उसनवारी.

जुन्या बॅटऱ्यांचे पुढे काय होते, हेही विचारले पाहिजे. पुष्कळ ठिकाणी त्या फोडून शिसे उघड्या भट्ट्यांवर वितळवतात. ते धुरातून, मातीतून मुलांच्या रक्तात उतरते आणि त्यांच्या मेंदूच्या वाढीला मारक ठरते. लिथियमच्या बॅटऱ्या आता येत आहेत. त्या जास्त टिकतात, पण किंमत एकदम मोजावी लागते.

म्हणून किती गाड्या विजेवर आल्या, एवढी मोजदाद पुरेशी नाही. चालकाला रास्त व्याजाने कर्ज मिळते का, निकामी बॅटरी कोण परत घेते, हेही धोरणाने पाहावे. आजोबांच्या छातीवरचा भार उतरला, हे चांगलेच झाले. तो नातवंडांच्या रक्तात जाऊ नये, एवढे आपण नक्कीच करू शकतो.