बंद म्हणजे नक्की किती बंद?

परवा मामांकडे गेलो होतो. त्यांची वस्ती शिरूर तालुक्यात, भीमेच्या काठाला. नदी ओलांडली की दौंड तालुका. दोन्हीकडे ऊसच ऊस, आणि उसात बिबट्या! त्यामुळे रात्री गोठ्यात वासरू हंबरलं की आधी उजेड पाडायचा, मग दार उघडायचं. म्हणून मामांनी दौंडच्या बाजारातून रिमोटवाली बॅटरी आणली. (आमच्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात, आत घालतात ते सेल.) बॅटरी गोठ्याच्या खांबाला, रिमोट उशाशी.

गेल्या अमावस्येला वासरू हंबरलं आणि बॅटरी लागलीच नाही. मामा उजाडेपर्यंत खिडकीशी बसून राहिले. वासरू वाचलं, पण मामांचा प्रश्न तसाच होता. "अरे, महिनाभर लावलीच नव्हती. बंदच होती की!"

मल्टिमीटर लावून बघितलं. 'बंद' बॅटरी 4 मिलिअँपिअर खात होती. आतल्या लिथियम सेलवर 2000 मिलिअँपिअर-तास असं छापलेलं. करा भागाकार : 500 तास, म्हणजे जेमतेम 21 दिवस. मामा चार्ज करणार अमावस्येच्या अमावस्येला, साडेएकोणतीस दिवसांनी. म्हणजे महिन्यातल्या सगळ्यात काळोख्या रात्री आल्या की ही आधीच मेलेली!

आता हे खाणारं कोण? त्यासाठी जरा मागे जाऊ.

डेव्हिड मायझेलला अमेरिकेत टॉर्चचं पेटंट मिळालं 1899 साली. तेव्हाचे सेल आणि दिवे इतके कमकुवत, की उजेड क्षणभरच पाडायचा. 'फ्लॅशलाइट' हे नाव त्यावरूनच पडलं. पण त्यात एक गोष्ट पक्की होती. बटण सोडलं की पत्र्याला पत्रा टेकत नाही, आणि प्रवाह शून्य.

1955 साली झेनिथ कंपनीच्या यूजीन पॉलीने टीव्हीसाठी बिनतारी रिमोट काढला, 'फ्लॅशमॅटिक'. गंमत म्हणजे तो एक टॉर्चच होता! टीव्हीच्या चार कोपऱ्यांतल्या डोळ्यांवर झोत मारायचा. उन्हाची तिरीप पडली तरी चॅनेल बदलायचं :-) म्हणून 1956 मध्ये रॉबर्ट अ‍ॅडलरचा 'स्पेस कमांड' आला. त्यात छोटी हातोडी अ‍ॅल्युमिनियमच्या कांडीवर आपटायची आणि माणसाला ऐकू न येणारा आवाज निघायचा. त्या रिमोटमध्ये सेलच नव्हता. सेल संपला तर गिऱ्हाइकाला टीव्हीच बिघडला असं वाटेल, ही विक्री विभागाची धास्ती. पण तो आवाज ऐकायला टीव्हीत जादा व्हॅक्यूम ट्यूब बसवाव्या लागल्या. म्हणजे सेल वाचला आणि खर्च ऐकणाऱ्याच्या गळ्यात पडला.

इथेच खरी मेख आहे. रिमोटवर चालणाऱ्या वस्तूला कान उघडे ठेवूनच झोपावं लागतं. टीव्ही भिंतीतल्या विजेवर चालतो, म्हणून कित्येक वर्षं कुणाला पत्ताच नव्हता. 1990 च्या दशकात अ‍ॅलन मायरसारख्या संशोधकांनी ही गळती मोजली आणि 'बंद उपकरणाने 1 वॅटपेक्षा जास्त खाऊ नये' अशी मोहीम निघाली. युरोपात 2010 पासून तसा नियमच झाला.

मामांची बॅटरी किती खात होती? सुमारे 0.015 वॅट! म्हणजे त्या परीक्षेत ती पहिल्या नंबराने पास. पण भिंतीतल्या विजेचा हिशेब सेलला लावून कसं चालेल? यावर उपाय आहे. सतत ऐकत बसण्याऐवजी सेकंदातून एकदा क्षणभर कान टवकारायचे आणि पुन्हा झोपायचं. रिमोटचं बटण दोन सेकंद दाबून धरलं की झालं. पण त्यासाठी बनवणाऱ्याने 'बंद' अवस्थेचाही विचार केलेला हवा. आम्ही सॉफ्टवेअरवाले तरी कुठे करतो म्हणा!

मामांना म्हटलं, आता दर बाजारच्या दिवशी चार्जिंगला लावा. ते हसले आणि उशाखालून जुनी दोन सेलची बॅटरी काढली. तिच्यातला एक सेल उलटा घातलेला. दोन्ही सेल एकमेकांना काटतात, चुकून बटण दाबलं गेलं तरी थेंबभर प्रवाह नाही.

"याला म्हणतात बंद," मामा म्हणाले.

असो. घरी आल्यावर टीव्हीचं बटण भिंतीवरून बंद केलं.