नाचातला पुकारा आणि त्याचे मूळ

इंग्लंड आणि अमेरिकेत लग्नाच्या स्वागतसमारंभात किंवा गावच्या सभागृहातील घरगुती मेळाव्यात आजही लोकनृत्य होते, आणि जमलेल्यांपैकी बहुतेकांनी तो नाच पूर्वी कधीही केलेला नसतो. तरीही तो पार पडतो, कारण वादकांशेजारी उभी असलेली एक व्यक्ती पुढची हालचाल कोणती हे तालात मोठ्याने सांगत असते. या सांगण्याला येथे पुकारा म्हटले आहे. तो करणाऱ्याला इंग्रजीत 'कॉलर' म्हणतात. ही व्यक्ती अशा नाचात प्रथमपासून असणारच असे सहज वाटते, परंतु तसे घडलेले नाही.

जॉन प्लेफर्ड याने १६५१ मध्ये लंडनात प्रसिद्ध केलेल्या 'द इंग्लिश डान्सिंग मास्टर' या ग्रंथात १०५ नाचांच्या सुरावटी आणि रचना, म्हणजे जोड्यांनी क्रमाने करावयाच्या हालचाली, दिल्या आहेत. त्या नाचणाऱ्याने आधीच शिकून घ्याव्यात हे त्यात गृहीत आहे. पुढे फ्रान्समध्ये या नाचांपासून 'कोंत्रदांस' आणि चौकोनात चार जोड्यांनी करावयाचा 'कोतियों' हे प्रकार रूढ झाले, तेव्हाही रचना पाठ करून घेणारा नृत्यशिक्षकच लागे. शिक्षकाला द्यायला पैसा आणि शिकायला सवड ज्यांच्यापाशी होती त्यांचाच या नाचात शिरकाव होता.

हे बंधन अमेरिकेत सैल झाले, आणि ते सैल करण्यात कृष्णवर्णीय वादकांचा वाटा फार मोठा होता. दक्षिणेकडील मळेवाल्यांच्या मेजवान्यांत फिडल, म्हणजे लोकसंगीतातले व्हायोलिन, बहुधा गुलामांच्याच हाती असे. १८४१ मध्ये फसवून गुलामगिरीत विकला गेलेला सॉलोमन नॉर्थप लुइझियानात अशा प्रसंगी वाजवीत असे, हे त्याच्या १८५३ च्या आत्मकथनातून कळते. वॉशिंग्टनच्या संसदभवनाच्या कामाशी संबंधित असलेला वास्तुविशारद बेंजामिन लॅट्रोब याने १८१९ मध्ये न्यू ऑर्लिन्समधील एका नृत्यसमारंभाचे वर्णन केले आहे. वादकांच्या सज्जात उभा राहून डफासारखे वाद्य वाजविणारा एक कृष्णवर्णीय माणूस रचना बदलेल तशी ती पुकारत होता, असे त्यात नमूद आहे. लॅट्रोबने त्या आवाजाविषयी तुच्छतेने लिहिले. पण पुकाऱ्याच्या अगदी आरंभीच्या ज्ञात नोंदींपैकी एक आज त्याच तुच्छतेमुळे हाती आहे. नृत्य-अभ्यासक फिल जेमिसन यांनी २०१५ च्या आपल्या ग्रंथात ही कला कृष्णवर्णीय वादकांपासून सुरू झाली असे साधार मांडले आहे, आणि ते मान्य करण्यास विलंब झाला ही अभ्यासकांची मोठी चूक म्हटली पाहिजे.

विलंबाचे कारण विसाव्या शतकातील लोकनृत्यांच्या पुनरुज्जीवनाच्या चळवळीतच सापडते. इंग्रज लोकगीत-संग्राहक सेसिल शार्प याने १९१७ मध्ये केंटकीच्या डोंगराळ भागात पुकाऱ्यावर चालणारा नाच पाहिला आणि त्यात जुन्या इंग्लंडचा अवशेष शोधला. मोटार-उद्योजक हेन्री फोर्ड याने जाझला विरोध म्हणून १९२६ मध्ये जुन्या नाचांचे पुस्तक काढले. दोघांच्याही चित्रात हा वारसा निखळ गोरा होता. १९५१ मध्ये राजकन्या एलिझाबेथ ओटावा येथे 'स्क्वेअर डान्स', म्हणजे चौकोनात चार जोड्यांनी पुकाऱ्यावर करावयाचा नाच, नाचल्या, तेव्हा ब्रिटनमध्येही या प्रकाराची लाट उसळली.

पुकाऱ्याचे तंत्र वेळेच्या जाणिवेवर उभे आहे. नाचाची सुरावट सामान्यतः ६४ ठोक्यांची आणि हालचाल बहुधा ८ ठोक्यांची असते; म्हणून शब्द चालू हालचालीच्या शेवटच्या दोन-चार ठोक्यांत उच्चारावे लागतात, म्हणजे ऐकणाऱ्याचे पाऊल नव्या चरणाच्या पहिल्या ठोक्यावर पडते. शब्द उशिरा आला की सगळी रांग अडखळते. नवख्यांसमोर काम करणारा प्रथम संगीताविना रचना चालवून दाखवतो, गोलातला सोपा नाच आधी घेतो, पहिल्या आवर्तनांत प्रत्येक हालचाल पूर्ण सांगतो आणि पुढे शब्द कमी करत नेतो, कारण तोवर सुरावटच नाचणाऱ्यांना आठवण देऊ लागते. कोण चुकते आहे हे पाहूनच पुढचा नाच निवडावा लागत असल्यामुळे या कामात पाठांतरापेक्षा नजर अधिक लागते. 'पुरुष' आणि 'स्त्री' या जुन्या संबोधनांमुळे दोन मैत्रिणी किंवा बापलेक जोडीने उभे राहिले की गोंधळ होई. म्हणून अलीकडे अनेक ठिकाणी जोडीतील जागेवरून ठरणारी संबोधने पुकारली जातात.